पाच किलोमीटर रस्त्याच्या पैशांत शंभर वर्षे

जुन्या वर्तमानपत्राचे एक पान समोर धरा. साठ सेंटीमीटर उंच, चाळीस सेंटीमीटर रुंद, कडा तांबूस झालेल्या, घडीवर विरत चाललेले. हे पान स्कॅनरखाली ठेवले आणि इंचाला ४०० ठिपके या मापाने त्याचे चित्र घेतले, तर संगणकात किती ठिपके उतरतात? ५ कोटी ९५ लाख. सोयीसाठी सहा कोटी धरू. एका पानात सहा कोटी! सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजायला बसलात तर ६९४ दिवस लागतील. आणि यातला प्रत्येक ठिपका १ कोटी ६७ लाख छटांमधून आपली एक छटा निवडून ती धरून बसलेला असतो. शाईचा काळा वेगळा, कसरीने पाडलेल्या भोकाचा काळा वेगळा, चहाच्या डागाचा तपकिरी आणखी वेगळा.

आता यातला एकेक ठिपका एक मिलिमीटर रुंदीचा करू आणि सीएसएमटीच्या फलाटापासून रुळाच्या कडेने एकापुढे एक मांडत निघू. दादर गेले, ठाणे गेले, कल्याण गेले. ठिपके संपतात तेव्हा आपण अंबरनाथच्या आसपास उभे असतो. साठ किलोमीटर! चार पानांचा पूर्ण अंक मांडला तर २४० किलोमीटर; घाट चढून ओळ पुणे स्टेशन ओलांडते आणि दौंडच्या दिशेने धावत सुटते. हा फक्त एक अंक. एका दिवसाचा.

असे अंक जपणारी घरे आपल्याकडे किती जुनी आहेत, तेही मोजू. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे, ३४ किलोमीटर. त्याच्या पंचवीस वर्षे आधी रत्नागिरीत वाचनालय होते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. म्हणजे मराठीतले पहिले वृत्तपत्र जन्माला यायच्या चार वर्षे आधी ते ठेवायची जागा तयार होती! मग रांगच लागते. पणजीचे ग्रंथालय १८३२. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०. पुणे नगर वाचन मंदिर १८४८. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८. रत्नागिरीला २०२८ साली दोनशे वर्षे होतील. त्या साली या सातांच्या वयांची बेरीज करा: १,२०७ वर्षे. २०२८ मधून तेवढी वर्षे मागे गेलात तर इसवी सन ८२१ येते, आणि गादीवर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष असतो. सात वाचनालयांची वये एकमेकांना जोडली की आपण थेट नवव्या शतकात पोहोचतो!

आता कपाट उघडू. पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १२ फेब्रुवारी १८४९ रोजी सुरू झाले, १९०४ साली दैनिक झाले आणि १९५१ साली थांबले. साप्ताहिकाची वर्षे बाजूला ठेवू. फक्त दैनिकाची ४६ वर्षे घेऊ, वर्षाला ३६० अंक आणि अंकाला चारच पाने धरू. हिशेब अगदी हात आखडून केला आहे, तरी ६६,२४० पाने होतात. प्रत्येक पान वेगळे उभे लावले तर जवळजवळ चाळीस किलोमीटर. एका पुण्याचे एकच वर्तमानपत्र.

यात तुमच्या पणजोबांचे नाव कुठे तरी आहे अशी घरात आठवण आहे समजा. पानाला पाच मिनिटे दिली, दिवसाचे आठ तास बसलात, वर्षाचे तीनशे दिवस गेलात, तर सगळी पाने पाहायला दोन वर्षे साडेतीन महिने लागतात. नोकरी सोडावी लागेल! हीच पाने स्कॅन होऊन त्यांतली अक्षरे संगणकाला ओळखता आली, तर नाव टाइप करून बोट उचलेपर्यंत उत्तर समोर. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ आणि एक सेकंद. हे मला दर वेळी नव्याने थक्क करते. पणजोबा त्या पानावर आधीही होते. पण दोन वर्षे रिकामी असलेला माणूसच त्यांना भेटू शकत होता. आता शाळेतली मुलगी मधल्या सुट्टीत भेटेल.

शंकर गणेश दाते या माणसाचे नाव इथे घेतलेच पाहिजे. त्यांनी १८०० पासून १९५० पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची दोन खंडांत केली. संगणक नाही, फोन नाही, हाती फक्त नोंदीचे कागद. नोंदी वीस हजारांहून अधिक! वीस हजारच धरू आणि पुस्तकाला सरासरी १५० पाने मानू. दीडशे वर्षांची छापील मराठी पुस्तके म्हणजे तीस लाख पाने. आता बघा गंमत. पुस्तक न दुमडता वरून चित्र घेणारे स्कॅनर असतात. त्यावर एका सरावलेल्या माणसाने दिवसाला हजार पाने काढली, तर काम ३,००० दिवसांचे. वर्षाचे तीनशे दिवस म्हटले तर दहा वर्षे. एक माणूस, एक यंत्र, दहा वर्षे, आणि दीडशे वर्षांचे मराठी मुद्रण संपले!

ते ठेवायचे कुठे? पानाचे दाबून लहान केलेले चित्र दोन एमबीचे धरले तर साठ लाख एमबी, म्हणजे सहा टीबी. आज वीस टीबीची हार्ड डिस्क मिळते. तिचा तिसरा हिस्साही भरत नाही. आणि चित्रे बाजूला ठेवून फक्त मजकूर घेतला तर? देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. पानाला दोन हजार चिन्हे, म्हणजे सहा हजार बाइट. तीस लाख पानांचे अठरा जीबी. अठरा! तुमच्या खिशातल्या १२८ जीबीच्या फोनमध्ये १५० वर्षांचा मराठी मजकूर सात वेळा मावेल. नखाएवढ्या मेमरी कार्डात सगळे निबंध, सगळी नाटके, सगळी व्याकरणे, सगळी पाकपुस्तके.

जागेचे झाले, आता अंतराचे बघू. पणजीच्या ग्रंथालयाला आज कृष्णदास शामा यांचे नाव आहे, सोळाव्या शतकातल्या गोमंतकीय ग्रंथकाराचे. त्यांच्या लेखनाची प्रत सापडली ती पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात. पणजी ते ब्रागा हे सरळ रेषेतले अंतर आठ हजार किलोमीटरांहून जास्त. मुंबई-पुणे पंचावन्न वेळा. सोळाव्या शतकात गोवा-लिस्बन हा जहाजाचा प्रवास साधारण सहा महिन्यांचा असे. आज त्या पानाचे चित्र समुद्रतळाच्या केबलमधून निघाले, केबल वळणावळणाने जाते म्हणून अंतर दुप्पट धरले, तरी पहिला ठिपका सेकंदाच्या बाराव्या हिश्शात इकडे पोहोचतो. वेग किती वाढला? एकोणीस कोटींहून अधिक पट! गलबत बंदराबाहेरही पडत नाही तोवर पान इथे येऊन वाचूनही झालेले असते.

पण कागद थांबून राहत नाही, आणि इथे आकडे एकदम अंगावर येतात. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २६ जुलै २००५ ला शहरात महापूर आला, पुन्हा २२ जुलै २०२१ ला आला. दोन्ही वेळा पाणी वाचनालयात शिरले. हजारो पुस्तके भिजली. १५७ वर्षांत जमवलेले पाण्याने काही तासांत गाठले. काही तास! एखाद्या जागी कागद नष्ट होण्याची शक्यता वर्षाला शंभरात फक्त एक आहे असे समजू. ऐकायला किती किरकोळ वाटते. पण तेच शंभर वर्षे चालू ठेवा: कागद नष्ट झालेला असण्याची शक्यता शंभरात ६३ होते. आता त्याच पानाच्या तीन प्रती करा. एक चिपळूणला, एक नागपूरला, एक पणजीला, आणि एखादी गेली तर उरलेल्या दोहोंवरून लगेच नवी काढा. तिन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता किती? दहा लाखांत एक. शंभरातल्या एकावरून दहा लाखांतल्या एकावर, आणि खर्च दोन जादा डिस्कचा. चिपळूणच्या वाशिष्ठीला कितीही पूर आला तरी ती एकाच दिवशी नाग नदी आणि मांडवी यांना घेऊन येत नाही.

काम सुरू झालेले आहे, हे आनंदाने सांगायला हवे. मुंबईच्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढून गेलात की १८०४ साली सुरू झालेली एशियाटिक सोसायटी लागते. एक लाखावर पुस्तके, तीन हजारांच्या आसपास हस्तलिखिते, शिवाय नकाशे. तिने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने दुर्मीळ ग्रंथ, जुनी वर्तमानपत्रे आणि नकाशे स्कॅन करून कुठूनही पाहता येतील असे ठेवले आहेत. जिल्ह्यांचे जुने गॅझेटिअरही आज संगणकावर उघडते. आपल्या तालुक्यातल्या विहिरी आणि आठवडी बाजार दीडशे वर्षांपूर्वी कसे होते ते घरबसल्या वाचता येते.

चित्र काढले म्हणजे झाले असे मात्र नाही. चित्रातली अक्षरे यंत्राने ओळखायची असतात, आणि जुना टाइप, पुसट शाई, मागच्या बाजूने उमटलेली अक्षरे यांपुढे यंत्र अडखळते. शंभरातली ९८ अक्षरे बरोबर आली असे धरू. वा, किती छान! पण थांबा. मोठ्या पानावर वीस हजार अक्षरे असतील तर चुका ४००. ‘ज्ञानप्रकाश’च्या आपल्या ६६,२४० पानांवर २ कोटी ६५ लाख! एक चूक सुधारायला पाच सेकंद धरले तर एकट्या माणसाला पंधरा वर्षांहून जास्त लागतील. पण शंभर जण बसले तर? शेहेचाळीस दिवस. शंभर जण म्हणजे एखाद्या गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते.

हे होते का? झालेले आहे, आणि प्रचंड प्रमाणात झालेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तिथल्या राज्यांच्या ग्रंथालयांना सोबत घेऊन जुनी वर्तमानपत्रे २००८ पासून लोकांसमोर ठेवली. आज तो संग्रह ‘ट्रोव्ह’ या नावाने ओळखला जातो. वीस कोटींहून अधिक लेख! आणि यंत्राने चुकवलेल्या ओळी सुधारायला सांगितले कोणाला, तर वाचकांना. पगार नाही, सक्ती नाही. निवृत्त शिक्षक, घरी असलेली माणसे, आपल्या गावाचा इतिहास शोधणारे बसले आणि त्यांनी तीस कोटींहून अधिक ओळी दुरुस्त केल्या. ओळीला पाच सेकंद धरा: रात्रंदिवस साडेसत्तेचाळीस वर्षांचे श्रम. वर्तमानपत्रातली ओळ पाच सेंटीमीटरची धरून त्या सलग जोडा: पंधरा हजार किलोमीटर. मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा म्हटला तर शंभर वेळा! वाचकांनी आपणहून, हाताने, अक्षर अक्षर बघून केलेले शंभर मुंबई-पुणे.

पंधरा हजार किलोमीटर हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता पुण्यातच जायचे आहे. तिथल्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. ते सार्वजनिक वाचनालय नव्हे, सरकारी अभिलेखागार आहे. पण आकड्यांची गोष्ट निघाली आणि त्याच्या दारात न थांबता पुढे गेलो तर चालणार नाही. कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला तिथे रुमाल म्हणतात. असे रुमाल सुमारे ३९ हजार, आणि त्यांत कागद पाच कोटींच्या घरात, बहुतेक मोडीत. म्हणजे एका रुमालात सरासरी १,२८० हून अधिक. रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली यातले निवडक कागद छापले तर ४५ खंड झाले. निवडक!

कागद तीस सेंटीमीटर लांबीचा धरून सगळे सलग लावू. पाच कोटी गुणिले तीस सेंटीमीटर: पंधरा हजार किलोमीटर. पुन्हा शंभर मुंबई-पुणे! पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटरही नाही; ही पट्टी पृथ्वीच्या आरपार घातली तरी दुसऱ्या बाजूने दोन हजार किलोमीटर बाहेर येईल. आता एकावर एक रचू. हाती केलेला कागद जाड असतो, तरी आजच्या कागदाइतका, मिलिमीटरचा दहावा भागच धरू. पाच किलोमीटर उंची. कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्यावर दुसरी कळसूबाई, त्यावर तिसरी, आणि तरी गठ्ठा वर डोकावतोच. विहिरीत टाकू? (आकड्यांतच हं!) वीस फूट रुंद, छत्तीस फूट खोल विहीर काठोकाठ भरते, आणि तीही कागद दाबून बसवले तर. वजन? कागदाला पाच ग्रॅम, एकूण २५० टन. मालगाडीचे साठ-साठ टनांचे चार डबे गच्च भरून पाचवा जोडावा लागतो.

वाचायला किती वेळ? मिनिटाला एक कागद, दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस: ३४७ वर्षे. आज वाचन संपवायचे असेल तर पहिला कागद छत्रपती शिवाजी महाराजांच्या हयातीत उचलायला हवा होता. यातले बहुतेक कागद लिहिणारे तेव्हा जन्मलेही नव्हते.

आणि ठिपके? असा एक कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केला तर ८७ लाख ठिपके. गुणिले पाच कोटी. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व असे चढत गेलो तरी पुरत नाही. महापद्म, शंकू, मग जलधि: चौदा शून्ये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त मांडलेली संख्यांची ही उतरंड आपल्याला इथे खरोखर वापरावी लागते! चार जलधींहून जास्त ठिपके. अंबरनाथला गेलो होतो तसेच मिलिमीटरला एक या मापाने निघू. मुंबई-पुणे नाही, पृथ्वी-चंद्रही नाही. सूर्य! सूर्यापर्यंत पंधरा कोटी किलोमीटर, तिथून परत पृथ्वीपर्यंत पंधरा कोटी, आणि पुन्हा सूर्याच्या दिशेने साडेतेरा कोटी. एकूण साडेत्रेचाळीस कोटी किलोमीटर ठिपके. हे सगळे दाबलेल्या चित्रांच्या रूपात मावते कशात? शंभर टीबीत. वीस टीबीच्या पाच डिस्क. प्रत्येकीचे वजन पाऊण किलोच्या आत. मालगाडीचे सव्वाचार डबे एका शाळकरी दप्तरात!

एवढे झाल्यावर मला वाटते ते सांगतो. सर्वांत मोठा आकडा मोठ्या दफ्तरात नाही, लहान गावात आहे. नावाजलेल्या वर्तमानपत्राच्या प्रती दोन-तीन शहरांत तरी मिळतात. पण गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका? जत्रेचे पत्रक? दूध सोसायटीचा पहिल्या वर्षाचा अहवाल? नाटक कंपनी आली तेव्हा वाटलेली जाहिरात, कुस्तीच्या फडाचे हँडबिल, बहात्तरच्या दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या हजेरीचा कागद? याची एकच प्रत असते, आणि ती कोणाच्या तरी माळ्यावर किंवा गावच्या वाचनालयाच्या सर्वांत खालच्या, ओल धरणाऱ्या फळीवर असते. ती गेली की जगात दुसरी नाही. म्हणून सुरुवात तिथून व्हावी असे मला ठामपणे वाटते. मोठ्या ग्रंथांना वाली आहेत.

तो आकडा मांडू. महाराष्ट्रात गावे चाळीस हजारांहून अधिक. एका गावात वर्षाला असे शंभर कागद तयार होतात असे समजू. शाळा, देऊळ, तालीम, सोसायटी, ग्रामपंचायत सगळे धरून शंभर फार नव्हेत. वर्षाला चाळीस लाख. शंभर वर्षांचे चाळीस कोटी! पेशवे दफ्तराच्या आठपट! रचले तर चाळीस किलोमीटर उंची: एव्हरेस्टवर एव्हरेस्ट असे चार ठेवून पाचव्याच्या अर्ध्यावर. तीन कळसूबाई आता लहान वाटू लागतात. दिवसाला हजार पानांच्या आपल्या एकट्या माणसाला हे काम दिले तर? १,३३३ वर्षे. त्याने बदामीच्या चालुक्यांच्या काळात यंत्र सुरू करायला हवे होते.

पण तो एकटा कुठे आहे? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली आला, आणि आज शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. अकरा हजारच धरू. प्रत्येकाला मोठे यंत्र नको. साधा फोन, फोन धरायला स्टँड, खिडकीतला उजेड. पानाला वीस सेकंद, दिवसाला फक्त पन्नास पाने. किती वेळ लागला? सतरा मिनिटे. वाचनालय उघडल्यावर वर्तमानपत्रे काठीला लावून होतात तेवढा वेळ. पन्नास गुणिले अकरा हजार: रोज साडेपाच लाख पाने! वर्षाचे तीनशे दिवस: साडेसोळा कोटी. चाळीस कोटी पाने किती दिवसांत? अडीच वर्षांच्या आत! १,३३३ वर्षांचे काम अडीच वर्षांच्या आत, दिवसाला सतरा मिनिटे देऊन.

पैशांचेही बघू. पानाला दहा रुपये धरा, त्यात नोंद करणे, तपासणे, तीन ठिकाणी साठवणे सगळे आले. चाळीस कोटी पानांचे ४०० कोटी रुपये. ऐकून छातीत धस्स होते. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. माणशी छत्तीस रुपयांच्या आत. एक वडापाव आणि कटिंग चहा, तोही एकदाच, शंभर वर्षांसाठी. दुसरे माप हवे असेल तर समृद्धी महामार्ग घ्या: ७०१ किलोमीटर, खर्च सुमारे ५५ हजार कोटी, म्हणजे किलोमीटरला साधारण ७८ कोटी. चाळीस हजार गावांची शंभर वर्षे त्याच्या पाच किलोमीटरांत बसतात. ताशी १२० च्या वेगाने गाडी ते अंतर अडीच मिनिटांत कापते.

आणि आता त्या साडेपाच लाख पानांची रोजची ओळ लावू, तीस सेंटीमीटरला एक पान. सोमवारी सकाळी अकरा हजार वाचनालयांची दारे उघडतात, सतरा मिनिटे होतात, आणि १६५ किलोमीटर लांबीचे कागद जमा. मुंबई-पुणे पहिल्याच दिवशी मागे पडले! मंगळवारी ३३०. बुधवारी ४९५. गुरुवारी ६६०. शुक्रवारी ८२५, आणि ओळ नागपूरला टेकली. पाच दिवसांत महाराष्ट्र या टोकापासून त्या टोकापर्यंत! पुढच्या आठवड्यात परत मुंबई. वर्षाचे तीनशे दिवस भरतात तेव्हा ४९,५०० किलोमीटर: पृथ्वीला पूर्ण वळसा, आणि वर साडेनऊ हजार किलोमीटर. ओळ थांबत नाही. पाचगणीच्या शाळेचे हस्तलिखित, पंढरपूरच्या दिंडीची यादी, मालवणच्या मच्छीमार सोसायटीचा अहवाल, गडचिरोलीतल्या ग्रामसभेचा ठराव, एकामागे एक एकामागे एक, आणि चाळीस कोटीवे पान लागते तेव्हा लांबी भरते एक लाख वीस हजार किलोमीटर. पृथ्वीभोवती तीन फेऱ्या!